मेमरी तेवढी तिकडे घे

३ तारीख, सोमवार

आणि वर म्हणतो काय, "आई, मेमरी तेवढी तिकडे घे." तेवढी! म्हणजे मी शर्ट विकत घ्यायला जावं आणि दुकानदारानं म्हणावं, बाई, बाह्या तेवढ्या दुसरीकडे शिवून घ्या. असा धंदा मी केला असता तर गिऱ्हाइकानं शर्ट माझ्या तोंडावर फेकला असता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, राग आला की बोलायचं नाही, वहीत लिहायचं, म्हणजे प्रेशर वाढत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथी अर्धीच. मी म्हटलं, लिहायला बसले तर अक्षर बघूनच प्रेशर वाढेल. पण आज बोलले असते तर घराचं छप्पर उडालं असतं, म्हणून लिहितेय.

झालं असं. भरतकामाच्या मशीनला नक्षी पाठवणारा आमचा जुना कॉम्प्युटर गेल्या महिन्यात धूर सोडून मेला. शाळेचे बिल्ले शिवायचेत, शाळा उघडायच्या आत द्यायचेत, आणि नक्षीच मशीनला पोचत नाही तर सुई काय हवेत नाचवू? थोरल्याला फोनवर सांगितलं. तो तिकडे लांब मोठ्या कंपनीत, चित्रं हलवण्याचं काही काम करतो. म्हणाला, "आई, तू विकतचा घेऊ नकोस. मी तुझ्या कामाला लागेल तसा खास जुळवून घेतो आणि पाठवतो." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चार जणांना सांगितलंही.

आज खोकं आलं. धाकटीनं उघडलं. काळा डबा, एका बाजूला काच, आत पंखे. काच शाबूत, पंखे शाबूत, सगळं शाबूत, आणि मेमरी नाही! मेमरी म्हणजे कॉम्प्युटर ज्यावर काम मांडतो ती जागा, असं धाकटी म्हणते. माझ्या कटिंगच्या टेबलासारखी. टेबलच नाही तर कापड कुठे पसरणार? थोरला म्हणतो, "पाठवताना तुटते गं ती, म्हणून नाही पाठवली." एवढी मोठी काच तुटली नाही ती!

एक गोष्ट मात्र चांगली. आतल्या तारा नीट एकत्र करून हिरव्या फितीनं बांधल्यात. प्लॅस्टिकच्या दातेरी पट्ट्या नाहीत. हल्ली कारखान्यातही फीत वापरतात वाटतं. फक्त बांधणारा अडाणी, फितीची उलट बाजू वर.

४ तारीख, मंगळवार

धाकटी कॉलेजला. मी म्हटलं, तिच्यासाठी कोण थांबणार? डबा उघडला. मेमरीच्या चार लांबट खाचा आहेत. माझी मोजपट्टी घेतली, लांबी घेतली, रुंदी घेतली, जाड कागदावर खाका कापला. हयातभर मापावर पोट भरलंय. बाईच्या चालण्यावरून मी तिच्या कमरेचं माप सांगते, खाचेचं सांगता येणार नाही होय?

चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. दुकान म्हणजे वायरींचं घरटं. तो स्वतः काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवून बसतो आणि चष्मा शोधतो. कागद त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, "या मापाची मेमरी द्या."

त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. "ताई, हे काय आहे?"

"खाका."

"मेमरी अशी मापावर नसते हो मिळत. बोर्ड कोणता आहे?"

"काळा आहे."

तो हसला. माझं डोकं तडकलं. म्हटलं, माप बरोबर आहे, तुम्हाला द्यायचं नसेल तर तसं सांगा, दुसरी दुकानं आहेत. त्यानं एक हिरवी पट्टी काढून कागदावर ठेवली. तंतोतंत बरोबर! म्हटलं, बघा. तो म्हणाला, "ताई, लांबी सगळ्यांचीच तेवढी असते. पण..." मी पण-बिण ऐकलं नाही. घेतली, आले.

बसली नाही.

पट्टीच्या खालच्या कडेला एक बारीक खाच आहे आणि डब्यातल्या जागेत तसाच एक उंचवटा. दोन्ही समोरासमोर यायला पाहिजेत. येत नाहीत, करंगळीच्या नखाएवढा फरक आहे. मी जोर लावला. हे रेडिओ ऐकत बसले होते, तिथूनच म्हणाले, "अगं, काज पुढे आणि बटण मागे असलं तर जोर लावून काय होतं, तूच सांगतेस ना सगळ्यांना?" यांना बरोबर नको त्या वेळी वाचा फुटते.

५ तारीख, बुधवार

धाकटीला घेऊन पुन्हा दुकानात. तिनं थोरल्याकडून नीट विचारून घेतलं होतं. फोनवर बोलायला गच्चीवर गेली होती. भावाबहिणीची एवढी काय खलबतं चालतात कळत नाही, एका पट्टीसाठी पाऊण तास.

दुकानदारानं समजावलं. ऐकायची इच्छा नव्हती पण ऐकलं. मेमरीच्या पिढ्या असतात म्हणे. तिसरी, चौथी, पाचवी. लांबी तीच, पण एका पिढीची खाच दुसरीत बसत नाही, मुद्दाम तशी ठेवतात, म्हणजे माझ्यासारख्यांनी जोर लावून वाट लावू नये. (हे "माझ्यासारख्यांनी" तो बोलला नाही. तोंडावर होतं.) मी तिसरीतली नेली, आम्हाला लागते चौथीतली. मी म्हटलं, "माझीपण चौथीच आहे." तो हसला, मीपण हसले. तेवढ्यापुरता माणूस बरा वाटला.

चौथीतल्या दोन घ्या म्हणाला, जोडीनं चांगल्या चालतात. एकाच खोक्यातल्या दोन. त्यावर पुन्हा वेग लिहिलेला असतो. बोर्डाला झेपेल तोच घ्यायचा. धाकटीनं चिठ्ठीवर लिहिलं होतं तसं सगळं घेतलं. तोवर जुनी पट्टी त्यानं कटकट न करता परत घेतली. नाही घेतली असती तर मी आज तिथेच वस्तीला होते.

निघताना त्यानं विचारलं, "बोर्ड नवाच आहे ना?"

मी म्हटलं, "नवा कोरा! मुलानं पाठवलाय. मोठ्या कंपनीत आहे. वर बढती झालीय."

धाकटी एकदम म्हणाली, "आई चल ना, उशीर होतोय." कशाला उशीर होत होता देव जाणे.

६ तारीख, गुरुवार

पट्ट्या बसल्या. खट्ट असा आवाज आला, मनाला बरं वाटलं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळा. कितीही वेळ बसा, काळा. बोर्डावर मेमरीच्या बाजूला एक बारका लाल दिवा लागून राहतो, दुकानाबाहेर हटून बसलेल्या पोरासारखा. काढल्या, पुन्हा बसवल्या. एकच लावली. दुसरी लावली. जागा बदलली. लाल.

हे मदतीला आले. मदत म्हणजे काय, रंगाचा ब्रश घेऊन पंखे झाडत बसले. म्हटलं, "नव्या वस्तूला काय झाडताय?" हे म्हणाले, "पंख्यात केस सापडला."

"खोकं बांधणाऱ्याचा असेल."

"कुरळा आहे."

मग असू दे की कुरळा! जगात कुरळ्या केसांच्या माणसांनी खोकी बांधू नयेत का? यांनी तो केस फेकायचा सोडून कागदात गुंडाळला आणि खिशात ठेवला. माणूस म्हातारा व्हायला लागला की कसल्या कसल्या वस्तू जमवतो सांगता येत नाही.

८ तारीख, शनिवार

घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. ते शिंगरू मी.

सकाळी पट्ट्या घेऊन दुकानात. म्हटलं, "खराब माल दिलात." त्यानं माझ्यासमोर स्वतःच्या मशीनमध्ये लावल्या. लख्ख चालू. मी म्हटलं, तुमच्याकडे चालतात आणि माझ्याकडे चालत नाहीत, म्हणजे काय सून आहे का, माहेरी हसते आणि सासरी रुसते? तो म्हणाला, "ताई, कधी कधी बोर्डाला एखाद्या कंपनीची मेमरी मानवत नाही. दुसऱ्या कंपनीची देऊन बघतो." दिली. पहिलीही राहू द्या म्हणाला, दोन्ही जोड्या घरी आणल्या. लाल दिवा.

संध्याकाळी परत गेले. आता तोही वैतागला होता. "वेग बरोबर, पिढी बरोबर, पट्ट्या चांगल्या. नवा बोर्ड असा वागत नाही. मुलाला नीट विचारा ना, काय काय घेतलं, कुठून घेतलं. मेमरी पाठवताना तुटते असं कुठे ऐकलंय का? मी रोज टपालानं मागवतो."

मी म्हटलं, "माझा मुलगा चुकीचं सांगत नाही."

"चुकीचं नाही म्हणत मी, ताई. विचारा म्हणतोय."

नाचता येईना अंगण वाकडं. स्वतःचा माल चालेना तर माझ्या मुलावर घसरला.

बिल्ल्यांचा काही पत्ता नाही. कापड कापून ठेवलंय, दोरे लावून ठेवलेत, मशीन आ वासून बसलंय. पलीकडच्या गल्लीतल्या भरतकामवाल्यानं शाळेत चौकशी केली म्हणे, आमचं काम जमत नसेल तर तो करील. करील! त्याच्या बिल्ल्यातली चिमणी कोंबडीसारखी दिसते.

९ तारीख, रविवार

दुपारी थोरल्याचा फोन. आधी त्याला झाडला. म्हटलं, असलं अर्धवट डबडं पाठवण्यापेक्षा नसतं पाठवलंस तर बरं झालं असतं. भीक नको पण कुत्रं आवर. एरवी उलट बोलतो, भांडतो, मला हसवतो. आज नुसतं "हं" आणि "हं". मागे कुणाची तरी मोठमोठ्यानं भांडणं चालली होती, एकाच खोलीत पाचसहा माणसं असावीत तशी. म्हटलं, "कुठे आहेस?" म्हणाला, "मित्रांकडे." बरं आहे बाबा, मित्रांकडे.

मग विचारलं, "आई, मागची खोली रिकामीच आहे का गं?"

म्हटलं, "आहे, पण आता राहणार नाही. दवाखान्यातली नर्सबाई मागतेय. एकटी आहे, स्वच्छ आहे, रात्रपाळी करून येते आणि झोपते. तू काही आता परत येऊन राहणार नाहीस, तुझं तिकडे छान बसलंय. उगाच खोलीत कोळ्यांनी का संसार मांडावा? तुझी बढती झाल्याचं सांगितल्यावर तीच म्हणाली, काकू, मग तर खोली मला द्याच."

मग म्हणाला, "दे ना. बरोबर आहे."

म्हटलं, "तुझं सामान आहे त्यात."

म्हणाला, "माळ्यावर टाक."

मग लाल दिव्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मेमरीत दोष नसेल, आई." म्हटलं, मग कशात आहे? "बघतो," म्हणाला. फोनवरून काय बघणार!

नर्सबाईला सांगितलं, पुढच्या आठवड्यात ये, नक्की करू. खूश झाली. तिनं खिडकीची मापं घेतली पडद्यासाठी. चुकीची घेतली. मी पुन्हा घेऊन दिली.

११ तारीख, मंगळवार

आज बाजारात शोभा झाली.

दुकानदार म्हणाला होता, अख्खं मशीनच आणा, सोक्षमोक्ष लावू. मी आणि धाकटी चादरीत डबा बांधून घेऊन गेलो, चोरीचा माल न्यावा तसा. रस्त्यात लोक वळून बघत होते. एक जण म्हणाला, "काय काकू, घर सोडून चाललात का?" म्हटलं, "तुला सोडायला चाललेय वेड्यांच्या दवाखान्यात, बस आत."

त्यानं काच काढली, टॉर्च लावला, वाकून बराच वेळ बघितलं. मग सरळ झाला. चष्मा खरोखर डोळ्यांवर घातला.

"ताई, यात आधी कोणती मेमरी होती?"

"आधी कसली? यात मेमरी आलीच नाही. तीच तर बोंब आहे."

"नाही, त्याच्या आधी."

"त्याच्या आधी काय? नवा आहे म्हणून किती वेळा सांगू?"

त्यानं बोट दाखवलं. "या दोन खाचा बघा. आत बारीक धूळ बसलीय. आणि या शेजारच्या दोन बघा, कडेला धूळ, आत स्वच्छ. म्हणजे या दोघींत बरेच दिवस काहीतरी बसलेलं होतं. हा वापरलेला डबा आहे. आधीची मेमरी कोणती होती तेवढं कळलं तर..."

मी पुढचं ऐकलंच नाही. माझ्या मुलानं मला, स्वतःच्या आईला, जुनं डबडं नवं म्हणून पाठवलं, असं हा माणूस पाच गिऱ्हाइकांसमोर म्हणतो! जे तोंडात आलं ते बोलले. तुमच्या पट्ट्या परत घ्या म्हटलं, तुमची धूळ तुमच्या दुकानात ठेवा, माझ्या मुलाच्या डब्यात घालू नका. तो म्हणत होता, "ताई, ऐका तर, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, तुमची दोन मिनिटं मी आठवडाभर भोगतेय. चादर पुन्हा बांधली. पट्ट्या डब्यातच राहिल्या, ते घरी आल्यावर लक्षात आलं.

धाकटी वाटेत रडली. म्हटलं, तुला काय झालं? म्हणाली, "तू त्याला का ओरडलीस? त्याचं काय चुकलं?" बघा. परक्याचा पुळका.

मदरबोर्ड म्हणतात त्या मधल्या पाटाला. नाव बरोबर दिलंय. सगळ्यांच्या तारा तिच्याच अंगात खुपसलेल्या.

१२ तारीख, बुधवार

प्रेशर वाढलं. गोळी बदलली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वहीत लिहिता ना? म्हटलं, लिहिते. म्हणाल्या, मग वाढलं कसं? म्हटलं, वही भरली पण राग उरला.

१३ तारीख, गुरुवार

चालू झाला!

थोरल्यानं फोन केला, मला नाही, धाकटीला. मी शेजारीच बसले होते. तिनं त्याला मंगळवारचं सगळं सांगितलं असणार. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. "बोर्डावर एक गोल चपटी बॅटरी आहे, घड्याळात असते तशी. बटण बंद कर, वायर काढ, ती बॅटरी काढून ठेव. चहा पिऊन घे. मग पुन्हा लाव." एवढंच!

धाकटीनं बॅटरी काढली. चहा केला. मी प्याले नाही, बॅटरीकडे बघत बसले. पुन्हा लावली, बटण दाबलं, लाल दिवा लागला, थोडा वेळ विचारात पडल्यासारखा राहिला आणि विझला. पडद्यावर अक्षरं! हे रेडिओ बंद करून आले. संध्याकाळपर्यंत धाकटीनं नक्षीचं सगळं त्यात घातलं आणि मशीननं पहिला बिल्ला टाकला. पान जरा तिरकं आलं, पण आलं.

म्हटलं, त्याला कसं कळलं बॅटरीचं? धाकटी म्हणाली, "नव्याला पण कधी कधी करावं लागतं." आणि लगेच दोरे आवरायला गेली. ही मुलगी आपणहून कधी दोरे आवरत नाही.

एवढं सोपं होतं तर पहिल्या दिवशीच का सांगितलं नाही? आठवडाभर मला चौकात नाचवलं. भेटू दे, कान उपटते.

१५ तारीख, शनिवार

आज लिहायला बसलेय पण राग कुठून सुरू करू कळत नाही. कुणाच्या नावानं लिहू तेही कळत नाही.

सकाळी जास्तीची जोडी परत द्यायला दुकानात गेले. खरं तर मिरवायलाच गेले होते. म्हटलं, "झाला चालू. तुमच्या धुळीशिवाय."

तो शांत होता. मनात काही धरून नव्हता, ते बघून आणखी कानकोंडं झालं. "काय केलंत?"

"बॅटरी काढली."

"मग बरोबर," म्हणाला. "मी तेच करणार होतो मंगळवारी."

मग त्यानं सांगितलं, आणि या वेळी मी मधे तोंड घातलं नाही. डब्यात आधी जास्त वेगाच्या पट्ट्या होत्या. बोर्डाला तो वेग कुणीतरी हातानं लावून दिलेला. ती बारकी बॅटरी तो लावलेला वेग धरून ठेवते. मग आपण नव्या पट्ट्या लावल्या, बोर्ड त्यांनाही जुन्याच वेगानं पळवायला बघत होता. त्या धापा टाकून बसायच्या. पट्ट्यांचा दोष नाही, बोर्डाचा नाही. बॅटरी काढली की बोर्ड आधीचं सोडून देतो आणि नव्यांना त्यांच्या चालीनं चालू देतो.

"जुना डबा आहे असं कळलं असतं तर मी पहिल्याच दिवशी बॅटरी काढायला सांगितली असती," म्हणाला. "तुम्ही नवा म्हणालात. नव्या बोर्डात सोडून देण्यासारखं आधीचं काही नसतं, ताई."

मी म्हटलं, "कारखान्यानंच जुना दिला असेल. मुलाला फसवलं असेल."

तो म्हणाला, "असेल." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. भांडला असता तर बरं झालं असतं.

घरी आले. घरात कुणी नव्हतं. डब्याची काच काढली. ती फीत. सोडली नाही, नुसती बोटानं पालथी केली.

हिरव्या फितीवर पिवळी पानं. पाचव्या पानाशी दोरा तुटून गुंता झालेला. ती आमची फीत. माझ्या मशीनवरची. एका ऑर्डरीत बिघडली म्हणून मी गिऱ्हाइकाला दिली नव्हती. थोरला पहिल्यांदा तिकडे गेला तेव्हा त्याची गादीची वळकटी मी तिनंच बांधली होती. गाठ पण माझीच. एक टोक ओढलं की सुटते, दुसरं ओढलं की आवळते. ती गाठ मी दोनच माणसांना शिकवलीय.

मुद्दाम उलटी बांधली. म्हणजे मला दिसू नये.

धाकटी आली. मी डबा उघडा ठेवून समोर बसले होते. तिनं फितीकडे बघितलं आणि दप्तर खाली ठेवलं. "त्यानं शपथ घातली होती, आई."

कंपनीच बंद झालीय. होळीच्याही आधी. बढती झाली म्हणून त्यानं मला सांगितलं, ते नेमकं त्याच महिन्यात. तेव्हापासून तो घरून मिळेल ते काम करत होता, याच डब्यावर. हा डबा त्यानं एकेक वस्तू जमवून स्वतः जुळवला होता, त्याच्या पोटाचा डबा. खोली सुटली. आता कुणाच्या तरी खोलीत पाच जणांबरोबर झोपतो. मेमरीला सध्या चांगला भाव आहे म्हणून ती आधी विकली. बाकीचाही विकायचा होता. तेवढ्यात माझा फोन गेला, माझा कॉम्प्युटर मेला, बिल्ले अडलेत. मग त्यानं विकला नाही. पुसला आणि पाठवला.

म्हणजे आता त्याच्याकडे काय आहे?

म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

धाकटी म्हणाली, "तू ऐकतेस कुठे?"

हे दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? हे म्हणाले, "माहीत नव्हतं." खिशात हात घालून उभे राहिले. "केस त्याचा वाटला."

१६ तारीख, रविवार

सकाळपासून फोन लावतेय, उचलत नाही. धाकटीनं त्याला कळवलं असणार की फीत सापडली. घाबरट. मग धाकटीकडून आवाज भरून पाठवायचं शिकले आणि बटण दाबून बोलले. काय बोलले ते इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणेल आई असं बोललीच नव्हती.

म्हटलं, फोन उचलत नाहीस ते बरं, मध्ये मध्ये "हं" तरी करणार नाहीस. ऐक.

नोकरी कशी गेली ते मला सांगू नकोस. माझं प्रेशर वाढतं. ते यांना सांग, हे ऐकून घेतात. बढतीचं मी ज्यांना ज्यांना सांगितलंय, त्यांना काय सांगायचं ते माझं मी बघते. कुणाची टाप नाही मला विचारायची.

पट्ट्या विकल्यास ते ठीक. मी घेतल्यात त्या बसल्यात, परत काही आणू नकोस. पण तुझ्या डब्यावर बिल्ल्याचं पान तिरकं येतंय, आणि धाकटीला ते सरळ करता येत नाही, मला तर नाहीच नाही. शाळेचे एवढे बिल्ले तिरक्या पानाचे दिले तर तो कोंबडीवाला मला हसेल. दिवसा बिल्ल्यांचं काम करायचं, नंतर डबा तुझा, तुझी चित्रं हलव नाहीतर नाचव. एका डब्यात दोन माणसांचं काम होतं, दुकानदाराला विचारून आलेय. होय, त्याच्याकडे गेले होते. काय बोलायचं ते बोलून आले, ते तुला सांगायची गरज नाही.

फीत उलटी बांधलीस. गाठ बरोबर आहे.

आता कामाचं. नर्सबाई गुरुवारी सामान घेऊन येणार आहे. तिनं पडदे शिवायला टाकलेत, माझ्याकडेच. ती चांगली बाई आहे, तिला ताटकळत ठेवणं मला जमणार नाही, आणि तुझं सामान मी माळ्यावर टाकणार नाही, माझे गुडघे दुखतात. मागची खोली तिला द्यायची की नाही, एवढंच विचारतेय. हो किंवा नाही. "बघतो" चालणार नाही, "हं" तर अजिबात चालणार नाही. बुधवारपर्यंत सांग.